आजोबांचं एचएमटी जनता: डायल रंगवून घेऊ का? आणि घरी उघडता येईल का?

निशिगंधा_चिंचवड

नमस्कार मंडळी,

आजोबांचं एचएमटी जनता घड्याळ परवा आजीने माझ्या हातात ठेवलं. आजोबा कोरेगाव तालुक्यात तलाठी होते. नोकरीत कायम झाल्यावर फरकाचे पैसे मिळाले, त्यातून घेतलं असं आजी सांगते. साल तिला आठवत नाही, पण बाबा तेव्हा शाळेत जायला लागले नव्हते, म्हणजे सत्तरच्या दशकाची सुरुवात असणार.

चावी दिली की चालू होतं आणि पाच-सात मिनिटांत थांबतं. हलवलं की अजून दोन मिनिटं. काच ओरखड्यांनी भरली आहे. डायल मूळचा पांढरा असावा, आता पिवळट झालाय, आणि चारच्या खुणेजवळ तपकिरी डाग आहे. पट्टा कधीच गेला.

इथल्या एका दुकानात दाखवलं. त्यांनी झाकण न उघडताच सांगितलं, "डायल नवा रंगवून देतो, आणि रोज वापरणार असाल तर आत सेलचं मशीन टाकतो, चावीची कटकटच नको." मी घड्याळ घेऊन परत आले. आईला ती कल्पना पटली आहे, मला नाही, पण का नाही हे तिला नीट सांगता येत नाहीये.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते, कॅप आणि ब्रिज बनवायचं. भिंग, चिमटा, बारीक काम हे रोजचंच. लॅबमध्ये अल्ट्रासॉनिक क्लीनर आहे, आयसोप्रोपिल अल्कोहोल आहे. हे घड्याळ मी स्वतः उघडून साफ करू शकेन का? छंद म्हणून शिकायची मनापासून इच्छा आहे. आणि डायलचं काय करू?

बापू_वाईकर

ताई, काच प्लास्टिकची असते त्या घड्याळाला. टूथपेस्ट मऊ कापडावर घेऊन गोल गोल घासा, निम्मे ओरखडे जातात. मात्र घासताना चावीच्या बाजूने पेस्ट आत जाऊ देऊ नका, तिथे चिकटपट्टी लावा. आतलं मशीन जाणकाराकडे द्या. आमच्या वडिलांचं एचएमटी पायलट मी तसंच करून घेतलं, उत्तम चालतंय.

कृष्णाकाठ

निशिगंधाताई, डायलला कुणालाही हात लावू देऊ नका. बाकीचं पुढे बोलू, हे आधी.

डायल रंगवतात म्हणजे काय करतात, ते आईंना सांगा. जुना रंग आणि त्यावरची छपाई पूर्ण उतरवतात, पत्रा उघडा करतात आणि त्यावर नवा रंग देऊन अक्षरं परत छापतात. एकदा ते उतरलं की परत आणता येत नाही. कारखान्यातल्या छपाईची रेघ सगळीकडे सारख्या जाडीची असते. रंगवलेल्या डायलवर भिंग धरा, अक्षरांच्या कडा फुगलेल्या दिसतील, मिनिटांच्या रेघा काठाशी तिरक्या गेलेल्या दिसतील, "१७ ज्वेल्स" आणि "पॅराशॉक" ही बारीक ओळ तर हमखास बिघडते. बाजारात आज जांभळे, पोपटी, देवांची चित्रं असलेले कितीतरी "जनता" मिळतात. त्यातले बहुतेक असेच कुणाच्या तरी आजोबांच्या घड्याळाचे डायल उतरवून केलेले आहेत. मला ते बघवत नाही.

तुमच्या आजोबांनी रोज ज्या डायलवर वेळ बघितली, तो हाच आहे. पिवळेपणा हा वरच्या लॅकरचा असतो. तो राहू दे. डागही राहू दे. पाणी, थुंकी, ओला कापूस, खोडरबर, यातलं काहीही लावायचं नाही, कारण छपाई लॅकरच्या वरच असेल तर एका फटक्यात पुसली जाते. रबरी फुग्याने हवा मारून धूळ उडवायची, बस.

सेलच्या मशीनबद्दल बोलायचीसुद्धा गरज नाही. मूळ मशीन काढल्यावर उरतं काय त्यात?

आता माझी ओळख. मी मिरज एमआयडीसीत टूलरूमला आहे, डायची कामं. रात्री जेवणं झाली की टेबलावर घड्याळं. जास्त करून एचएमटीच हाताळतो, आणि त्याचं कारण आहे. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरात कारखाना निघाला, पुढे तुमकूरला, श्रीनगरला, रानीबागेला निघाले. घड्याळांची ही कंपनी बंद करायचा निर्णय केंद्राने २०१६ च्या जानेवारीत घेतला, पण तोवर घराघरांत ती इतकी पोचली होती की सुटे भाग अजूनही मिळतात. मशीनही सरळ स्वभावाचं आहे. चावीचं, तारीख नाही, ऑटोमॅटिकचा रोटर नाही, भाग मोजके. शिकायला याहून चांगलं घड्याळ मला तरी माहीत नाही.

तुमच्या घड्याळाचं लक्षण बघता तेल सुकलं असणार. चावी दिल्यावर स्प्रिंग पूर्ण जोरात असूनही पाच मिनिटांत थांबतं, याचा अर्थ जोर बॅलन्सपर्यंत, म्हणजे मागेपुढे झुलणाऱ्या चाकापर्यंत, पोचतच नाही. जुन्या शिवणयंत्रातलं तेल जसं गोंदासारखं होतं, तसंच इथे होतं. पण आधी एक साधी गोष्ट तपासा. भिंगातून काचेच्या कडेने बघा, तासकाटा, मिनिटकाटा आणि सेकंदकाटा एकमेकांना घासत तर नाहीत ना. तसं असेल तर थांबताना काटे दर वेळी साधारण त्याच जागी एकमेकांवर आलेले असतात.

मग मागचं झाकण. काठाला सारख्या अंतरावर खाचा असतील तर ते आट्यांचं आहे. एकाच ठिकाणी नखाएवढी खोबण असेल तर दाबून बसवलेलं आहे. दाबाचं असेल तर त्या खोबणीत बोथट पात्याने हळू उचलायचं. स्वयंपाकघरातली सुरी नको, ती घसरली की थेट बॅलन्सवर जाते.

झाकण काढा, काही करू नका, फक्त बघा आणि इथे लिहा. पुढचं त्यानंतर.

निशिगंधा_चिंचवड

कृष्णाकाठदादा, किती मनापासून लिहिलंत. आईला वाचून दाखवलं. डायलचा विषय आमच्या घरी आता मिटला.

काटे घासत नाहीत. झाकण दाबाचं निघालं, लॅबमधल्या मेणकामाच्या बोथट पात्याने उघडलं. आत गंज नाही. ज्वेलच्या, म्हणजे आतल्या बारीक माणकांच्या, भोवती तपकिरी कडी दिसतात, तेच सुकलेलं तेल का?

अजून एक. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने ओढल्यासारखं बारीक काहीतरी लिहिलंय. तिरकं धरलं तरच दिसतं. एक "के", पुढे आकडे, मध्ये तिरकी रेघ. त्याखाली वेगळ्या हाताचं अजून एक, आणि तिसरं अगदी पुसट. हे कारखान्यातलं आहे का?

कृष्णाकाठ

ताई, वाचून फार आनंद झाला. हे कारखान्यातलं नाही. घड्याळ सर्व्हिसिंगला आलं की घड्याळजी झाकणाच्या आत आपली खूण आणि तारीख किंवा वहीतला नंबर कोरायचे. परत तेच घड्याळ आलं तर आपण कधी उघडलं होतं हे त्यांना कळायचं. तुमच्याकडे वेगवेगळ्या हातांच्या खुणा आहेत, म्हणजे आजोबांनी हे घड्याळ दुर्लक्षित ठेवलेलं नव्हतं. पैसे देऊन पुन्हा पुन्हा साफ करून घेतलंय. आकड्यांच्या मधली तिरकी रेघ महिना आणि साल वेगळं करत असेल, तर आजींना विचारा त्या वर्षी कुटुंब कुठे होतं. गाव कळलं तर दुकानही कळेल. तलाठ्याच्या बदल्या होतच असतात.

त्या झाकणाच्या आतल्या बाजूला पॉलिश लावायचं नाही. आणि बाहेरून केसला, म्हणजे घड्याळाच्या डबीला, बफिंगही नको. झाकण स्टीलचं असलं तरी केस बऱ्याचदा पितळेवर मुलामा दिलेली असते. बफ लावला की कोपऱ्यांवर पिवळं पितळ डोकावतं आणि कडा कायमच्या गोल होतात. दातकोरणीने खाचेतला मळ काढा, मशीन बाहेर असताना केस साबणाच्या पाण्यात धुवा, पुरे.

तपकिरी कडी म्हणजे सुकलेलं तेलच.

आता तुमच्या अल्कोहोलबद्दल, कारण हे फार महत्त्वाचं आहे. घड्याळात पॅलेट नावाचा छोटा काट्यासारखा भाग असतो, त्याच्या दोन टोकांना दोन माणकं असतात. ती शेलॅकने, म्हणजे लाखेने चिकटवलेली असतात. अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. बॅलन्सच्या खाली जे एक बारीक माणिक उभं असतं, तेही लाखेवरच आहे. म्हणून पॅलेट आणि बॅलन्स हे दोन्ही अल्कोहोलमध्ये कधीही टाकायचे नाहीत. लायटरमध्ये भरतात ते नॅप्था वापरा, आणि खिडकी उघडी ठेवून, शेगडीपासून लांब. अल्ट्रासॉनिकमध्ये फक्त चाकं, पूल (चाकं जागेवर धरणाऱ्या पट्ट्या) आणि स्क्रू. डायल आणि काटे यातल्या कशातच नाहीत.

आता सुरुवात कुठून करायची. आजोबांच्या घड्याळापासून नाही. त्याच मशीनचं एखादं मोडकं एचएमटी घ्या, दोन मिळाली तर दोन. ते पूर्ण सोडवा, जोडा, परत सोडवा. हाताला क्रम बसला की मग आजोबांचं. वर त्या मोडक्या घड्याळातले स्क्रू आणि चाकं पुढे उपयोगी पडतात.

अवजारं सुरुवातीला थोडीच घ्या, पण चिमटा आणि स्क्रूड्रायव्हर चांगले घ्या. ०.८, १.०, १.२ आणि १.६ मिमी पात्यांत जवळपास सगळं काम होतं. पातं खाचेपेक्षा अरुंद असलं की स्क्रूचं डोकं खरचटतं, आणि ते खरचटलेलं डोकं पुढच्या प्रत्येक माणसाला दिसतं. मशीन धरायचा होल्डर, फुगा, १०एक्सचं भिंग (ते तुमच्याकडे असेलच), आणि झाकण असलेल्या छोट्या डब्या. प्रत्येक पायरीला फोनने फोटो.

पहिली पायरी स्प्रिंगचा ताण उतरवायची, आणि ती टाळून पुढे जायचंच नाही. बॅरल म्हणजे स्प्रिंगची डबी, तिच्यावरच्या मोठ्या दातेरी चाकाशेजारी एक छोटा खटका असतो, क्लिक म्हणतात. चावी उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटात घट्ट धरायची, किंचित पुढे फिरवायची, म्हणजे क्लिकवरचा भार जातो. डाव्या हाताने बारीक काडीने क्लिक बाजूला धरायचा. आता चावी उलटी फिरायला बघते. तिला सोडून द्यायचं नाही, बोटांमधून थोडी थोडी सरकू द्यायची, शेवटचा जोर संपेपर्यंत. तो जोर बोटांना नीट जाणवतो. ताण उतरवायच्या आधी पॅलेटचा पूल सोडला तर सगळी चाकं एकदम सुसाट फिरतात आणि बारीक टोकं मोडतात.

ताण उतरला की बॅलन्स. पुलाचा स्क्रू काढला की पूल चिमट्याने उचलायचा, बॅलन्स हेअरस्प्रिंगला, म्हणजे त्याच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला, लटकत वर येतो. लटकू द्यायचा, झटका मात्र नाही. बाहेर आल्याबरोबर पूल उलटा करून बॅलन्स त्यावर टेकवायचा, म्हणजे हेअरस्प्रिंगवर वजन राहत नाही. तुमचा हात दातांच्या कामाने तयार आहे, तुम्हाला हे जमेल.

आणि एक, क्राउन व्हीलचा, म्हणजे चावीचा जोर त्या मोठ्या दातेरी चाकाला देणाऱ्या चाकाचा, स्क्रू बहुतेक मशीनमध्ये उलट्या आट्यांचा असतो. सुटत नाही म्हणून जोर लावू नका, दुसऱ्या बाजूला फिरवून बघा.

सोलापूर_फलटण_गल्ली

वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, मी त्यांच्या शेजारी बसून वाढले. कृष्णाकाठ यांचं डायलबद्दलचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. दोन गोष्टी मात्र वेगळ्या सांगते.

तेलाचा विषय त्यांनी अजून काढला नाही आणि नवशिक्यांचं नुकसान सगळ्यात जास्त तिथेच होतं. शिवणयंत्राचं तेल, खोबरेल, काहीही टाकलेलं मी बघितलंय. घड्याळाचं तेल वेगळं. चाकांच्या बारीक टोकांना मोबिअस ९०१० सारखं पातळ, बॅरलला आणि हळू फिरणाऱ्या भागांना त्याहून घट्ट. वडील ऑइलरचं, म्हणजे तेल द्यायच्या सुईचं, टोक तेलाला जेमतेम टेकवायचे. ज्वेलच्या वाटीत थेंब पडल्यावर भिंगातून बघायचे, वाटीचा निम्मा भाग भरला की बस. काठाबाहेर आलं तर पूर्ण पुसून परत. जास्तीचं तेल एका जागी राहत नाही, ते पसरतं आणि टोक पुन्हा कोरडं पडतं. पॅलेटच्या आसाच्या बारीक टोकांना तेल द्यायचं नाही. हेअरस्प्रिंगला तर चुकूनही नाही, वेटोळी एकमेकांना चिकटली की घड्याळ तासाला काही मिनिटं पुढे पळतं.

दुसरं म्हणजे हेअरस्प्रिंग वाकली असेल तर ती घरी सरळ करायला जाऊ नका. ते काम हाताला यायला वर्षं लागतात. जुना घड्याळजी शोधा. असे लोक अजून आहेत, पेठांमध्ये, तालुक्याच्या गावी, काचेच्या छोट्या कपाटामागे. त्यांच्याकडे काम न्या, समोर बसा, बघू द्या म्हणा. माझे वडील विचारणाऱ्याला कधी नाही म्हणत नसत, उलट स्टूल पुढे करायचे. छंद करणाऱ्यांनी सगळं घरीच करायचं ठरवलं तर या माणसांच्या हातचं काम त्यांच्याबरोबरच जाईल.

कृष्णाकाठ

ताई, हेअरस्प्रिंगबद्दल पटलं आणि घड्याळजींबद्दल त्याहून जास्त. फक्त एवढंच म्हणेन की बॅलन्स काढून ठेवायला निशिगंधाताईंनी घाबरू नये. सरळ करणं वेगळं, सांभाळून उचलणं वेगळं. मोडक्या घड्याळावर त्याचीच सवय करायची.

अटकेपार_लेस्टर

विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आमच्या पणजोबांचं वेस्ट एंड वॉच कंपनीचं घड्याळ आहे, सोवार प्रायमा. पणजोबा फौजेत होते. आकड्यांवर आणि काट्यांवर जाड हिरवट-तपकिरी लेप आहे, काट्यावरचा थोडा भुगा होऊन काचेच्या आत पडलाय. अंधारात चमकत नाही. तो खरवडून नवा लेप लावता येईल का? मुलाला दाखवायला उघडणार होतो.

कृष्णाकाठ

दादा, उघडू नका. मुलासमोर तर नाहीच.

त्या काळातला तो लेप रेडियमचा, म्हणजे किरणोत्सर्गी धातूचा, असू शकतो, आणि तो तसाच आहे असं धरूनच वागायचं. चमकत नाही याचा अर्थ रेडियम संपलं असा नाही. चमक देतं ते झिंक सल्फाइड, ते काही दशकांत थकतं. रेडियम-२२६ चा अर्धायुकाल १६०० वर्षं आहे, म्हणजे पणजोबांच्या वेळी होतं जवळपास तेवढंच आजही आहे. बंद काचेआड कपाटात ठेवलेल्या घड्याळापेक्षा धोका भुग्याचा आहे. तो श्वासातून किंवा बोटांवरून तोंडात गेला तर शरीर त्याला कॅल्शियमसारखं वागवतं आणि हाडांत साठवतं. अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी डायल रंगवणाऱ्या मुली ब्रशला ओठांनी टोक काढायच्या, त्यांच्या जबड्यांचं काय झालं हे जगजाहीर आहे.

खरवडणं, फुंकर मारणं, घासणं, काहीही नको. झिप असलेल्या पिशवीत घालून हवेशीर खोलीत ठेवा, झोपायच्या खोलीत नको. विलायतेत रेडियमच्या डायलचं काम नियमाने करणारे कारागीर मिळतील, त्यांनाच विचारा. घड्याळ सुंदर असणार यात शंका नाही. मुलाला बंद काचेतून दाखवा.

निशिगंधा_चिंचवड

बापरे, हे माहीतच नव्हतं. आजोबांच्या डायलवर असा लेप कुठेही नाही, भिंगाखाली नीट बघितलं.

खुणांबद्दल आजीला विचारलं. आकड्यांतली तिरकी रेघ महिना-सालच निघाली, ७९ साल. आजी म्हणाली तेव्हा बदली रहिमतपूरला होती, बाजारात मारुतीच्या देवळाजवळ एक घड्याळजी बसायचे, आजोबा तिथे वर्तमानपत्र वाचत बसत. नाव तिला आठवत नाही. मग बराच वेळ ती रहिमतपूरच्या घराबद्दलच बोलत होती, कौलं, परसातला पेरू, सगळं. मी रेकॉर्ड करून ठेवलं.

पुढची तयारी म्हणजे, चिमटा आणि स्क्रूड्रायव्हर मागवलेत. मोडकं एचएमटी जुन्या बाजारात बघावं म्हणते. काय बघून घेऊ? आणि साफ केल्यावर नीट झालं की नाही हे कळायचं कसं?

कृष्णाकाठ

आजींचं रेकॉर्डिंग जपून ठेवा.

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. सकाळी लवकर जा. विक्रेत्याला झाकण उघडून दाखवायला सांगा. उघडायला नको म्हणाला तर पुढच्या गाळ्यावर जा, घड्याळं खूप येतात. मशीनवर गंजाचा लाल रंग नको. बॅलन्स फुंकरीने दोन्ही बाजूंना सहज झुलला पाहिजे, आणि झुलताना वरखाली डुलायला नको. डुलत असेल तर त्याचं टोक मोडलंय. हेअरस्प्रिंगची वेटोळी एकाच पातळीत आणि सारख्या अंतरावर हवीत. चावी दिल्यावर ताण येतो का बघा, नुसती फिरत राहिली तर स्प्रिंग तुटलेली आहे. सरावाला तेही चालेल, पण मग पैसे त्या हिशेबाने द्या. डायल रंगवलेला असला तरी इथे फरक पडत नाही, मशीन हवंय आपल्याला. विकत घ्यायच्या आधी आजोबांच्या मशीनचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि पुलांचा आकार, स्क्रूंच्या जागा जुळवून बघा.

नीट झालं की नाही ते मोजायला फोनवर टाइमग्राफरची, म्हणजे ठोके ऐकून घड्याळ किती पुढेमागे जातं ते सांगणारी, ॲप मिळतात. या मशीनचे ठोके तासाला १८,०००, म्हणजे सेकंदाला ५. खोलीत पंखा बंद करा, घड्याळाची पाठ फोनच्या माइकला टेकवा. डायल वर, डायल खाली, चावी खाली, अशा तीन स्थितींत मोजा. एवढ्या वयाच्या घड्याळाने दिवसाला अर्धा मिनिट इकडेतिकडे केलं तर मी समाधानी असतो. डायल वर आणि डायल खाली यांत खूप फरक आला तर बॅलन्सच्या एका बाजूच्या ज्वेलमध्ये घाण राहिली आहे, ती बाजू परत साफ करायची.

चावी रोज एकाच वेळी द्या, सकाळी दात घासून झाल्यावर वगैरे, घट्ट लागली की थांबा. पावसात आणि भांडी घासताना काढून ठेवा, आत पाणी अडवायला काही नाही. आणि काम पूर्ण झालं की झाकणाच्या आत, जुन्या तीन खुणांच्या खाली, जागा असेल तिथे सुईने तुमची खूण आणि महिना-साल कोरा. झाकण मशीनपासून लांब नेऊन कोरा म्हणजे कीस आत जाणार नाही.